मर्केल यांचा मतदारसंघ एकच होता की तीन?

मुळाकाठ

नमस्कार. मी रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन शिकते आणि त्याचबरोबर राज्यशास्त्रात एम.ए. करते आहे. आमच्या वर्गात प्रत्येकाने एका जर्मन मतदारसंघाचा इतिहास पंधरा मिनिटांत जर्मनमध्ये मांडायचा आहे. पुण्याचे ब्रेमेन शहराशी जुने नाते आहे आणि औंधचा ब्रेमेन चौक सर्वांच्या रोजच्या पाहण्यातला आहे, त्यामुळे ब्रेमेनचे दोन्ही मतदारसंघ पहिल्याच दिवशी इतरांनी घेतले. मी बाल्टिक समुद्राच्या काठावरचा, म्हणजे जर्मनीच्या माजी चान्सलर आंगेला मर्केल ज्या मतदारसंघातून १९९० ते २०१७ या काळात सलग आठ वेळा निवडून आल्या तो, निवडला.

अडचण अशी की, जसजशी मी जुन्या निकालांत मागे जाते आहे तसतसे त्या मतदारसंघाचे नाव बदलत जाते. १९९० मध्ये तो 'श्ट्रालझुंड–र्‍यूगेन–ग्रिमेन' या नावाचा, क्रमांक २६७ चा मतदारसंघ आहे. २००२ मध्ये 'श्ट्रालझुंड–नोर्डफोरपोमर्न–र्‍यूगेन' असे नाव दिसते आणि क्रमांक १५ होतो. २०१३ पासून क्रमांक १५ च राहतो, पण नाव मात्र 'फोरपोमर्न-र्‍यूगेन – फोरपोमर्न-ग्राइफ्सवाल्ड १' इतके लांबलचक होते. आपल्याकडे खेड लोकसभा मतदारसंघ २००८ च्या पुनर्रचनेत नाहीसा झाला आणि शिरूर व मावळ हे नवे मतदारसंघ आले, तसे काही तिथे झाले का? की केवळ नाव बदलले आणि प्रदेश तोच राहिला? 'मर्केल यांचा मतदारसंघ' असे एकवचनात म्हणणे योग्य ठरेल का, हेच मला प्रथम ठरवायचे आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

नकाशाप्रेमी

प्रश्न नेमका विचारला आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी क्रमांकाचे पाहू, कारण ते सोपे आहे. एकीकरणापूर्वी पश्चिम जर्मनीत २४८ मतदारसंघ होते. २ डिसेंबर १९९० रोजी एकीकृत जर्मनीची पहिली निवडणूक झाली, तेव्हा जुन्या क्रमांकांना हात न लावता बर्लिन आणि पूर्वेकडची नवी राज्ये शेवटी जोडली गेली. बर्लिनला २४९ ते २६१ आणि मेक्लेनबुर्ग-फोरपोमर्न या राज्याला २६२ ते २७० हे क्रमांक मिळाले. एकूण संख्या ३२८ झाली. तुमचा २६७ हा त्या शेपटीतला क्रमांक आहे. पुढे बुंडेसटागचा, म्हणजे जर्मन संसदेच्या लोकनियुक्त सभागृहाचा, आकार कमी करायचे ठरले आणि २००२ च्या निवडणुकीपासून मतदारसंघ ३२८ वरून २९९ वर आले. त्या वेळी साऱ्या देशाची नव्याने मोजणी झाली आणि ती उत्तरेकडून सुरू झाली. श्लेस्विग-होल्स्टाइनचे ११ मतदारसंघ संपताच १२ पासून मेक्लेनबुर्ग-फोरपोमर्न सुरू होते, म्हणून २६७ चा १५ झाला. पूर्वेकडचा प्रदेश देशाच्या यादीत पुरवणीच्या पानावर होता तो मूळ पानावर आला, असा त्या बदलाचा एक अर्थ मला नेहमी जाणवतो. कायद्यात तसे कुठेही म्हटलेले नाही.

आता नाव. जर्मन कायद्यानुसार मतदारसंघाने राज्याची सीमा ओलांडायची नसते, आणि जिल्ह्यांच्या व गावांच्या सीमा शक्यतो मोडायच्या नसतात. त्यामुळे नाव बहुधा जिल्ह्यांवरूनच पडते आणि जिल्हा बदलला की नावही बदलते. या किनाऱ्यावर वीस वर्षांच्या आत दोनदा जिल्हे बदलले. १९९४ मध्ये ग्रिमेन हा छोटा जिल्हा शेजारच्या जिल्ह्यांत मिळून नोर्डफोरपोमर्न हा मोठा जिल्हा झाला. मतदारसंघाच्या नावात मात्र ग्रिमेन १९९८ च्या निवडणुकीपर्यंत राहिले, म्हणजे जिल्हा गेल्यावरही दोन निवडणुका त्याच्या नावावर लढवल्या गेल्या. सप्टेंबर २०११ मध्ये दुसरी पुनर्रचना झाली. तिच्यात श्ट्रालझुंड शहर, नोर्डफोरपोमर्न आणि र्‍यूगेन बेट यांचा मिळून फोरपोमर्न-र्‍यूगेन हा एकच जिल्हा झाला आणि त्याला लागून फोरपोमर्न-ग्राइफ्सवाल्ड हा दुसरा विस्तीर्ण जिल्हा तयार झाला. २०१३ च्या नावातले दोन्ही भाग तिथून आले आहेत. शेवटचा '१' आकडा अशासाठी की ग्राइफ्सवाल्ड जिल्हा एका मतदारसंघात मावत नाही. त्याचा उरलेला भाग 'फोरपोमर्न-ग्राइफ्सवाल्ड २' म्हणून शेजारच्या १६ क्रमांकाच्या मतदारसंघात जोडलेला आहे.

परंतु 'केवळ नाव बदलले' असे म्हणून थांबू नका. १९९० साली मेक्लेनबुर्ग-फोरपोमर्नला नऊ मतदारसंघ होते, २००२ मध्ये सात झाले आणि २०१३ मध्ये सहा. नऊचे सात होण्यात देशभरच्या कपातीचा मोठा वाटा होता. साताचे सहा होणे मात्र त्या राज्याच्या घटलेल्या लोकसंख्येमुळेच झाले. एकीकरणाच्या वेळी तिथे सुमारे १९ लाख लोक होते आणि वीस वर्षांत ते १६ लाखांच्या आसपास आले. कारखाने बंद पडले, तरुण कामासाठी पश्चिमेकडे गेले, जन्मदर कोसळला. एका मतदारसंघात सुमारे अडीच लाख जर्मन नागरिक असावेत असा हिशेब आहे. सरासरीपासूनचा फरक १५ टक्क्यांच्या आत असावा आणि २५ टक्क्यांच्या पलीकडे गेला तर सीमा बदलल्याच पाहिजेत, असा नियम आहे. माणसे कमी झाली की तेवढीच माणसे गोळा करण्यासाठी जमीन जास्त घ्यावी लागते. तुम्हाला दिसणारे लांबलचक नाव हे त्या ओसरत्या वस्तीचे चिन्ह आहे. तुमच्या सादरीकरणात हाच धागा मध्यवर्ती ठेवावा, असे मी सुचवीन.

खेडशी केलेल्या तुलनेबद्दल थोडे. आपल्याकडे राज्यनिहाय जागांची संख्या १९७१ च्या जनगणनेवर गोठवलेली आहे आणि २००८ मध्ये अमलात आलेल्या पुनर्रचनेत २००१ ची लोकसंख्या धरून फक्त राज्यांतर्गत सीमा बदलल्या. परिसीमन आयोगाच्या आदेशाला आपल्याकडे कायद्याचे बळ असते आणि त्याला न्यायालयात आव्हान देण्यास राज्यघटनेनेच मर्यादा घातली आहे. जर्मनीत राष्ट्राध्यक्ष एक सात सदस्यांचा मतदारसंघ आयोग नेमतात, त्यात संघीय सांख्यिकी कार्यालयाचे अध्यक्ष आणि संघीय प्रशासकीय न्यायालयाचे एक न्यायाधीश असतात. परंतु तो आयोग केवळ शिफारस करतो आणि निर्णय बुंडेसटाग कायदा करून घेते. तिथे राज्याराज्यांतली वाटणीही लोकसंख्येप्रमाणे बदलत राहते. म्हणून खेड एकदाच आणि मोठ्या धक्क्याने नाहीसा झाला, तर हा मतदारसंघ थोडाथोडा सरकत गेला.

शनिवारपेठ

नकाशाप्रेमी यांनी १९९० नंतरचे उत्तम सांगितले आहे. मी शाळेत इतिहास शिकवत असे, त्यामुळे त्याआधीचे थोडे जोडतो, कारण मतदारसंघाचा इतिहास मर्केल यांच्यापासून सुरू करणे अपुरे होईल.

हा किनारा १६४८ च्या वेस्टफालियाच्या तहाने स्वीडनच्या राजाकडे गेला आणि १८१५ मध्ये प्रशियाकडे आला. प्रशियाने त्याचा श्ट्रालझुंड नावाचा स्वतंत्र प्रशासकीय विभाग केला. १८७१ मध्ये जर्मन साम्राज्याच्या राइशटागची, म्हणजे संसदेची, पहिली निवडणूक झाली तेव्हा या विभागाला दोन मतदारसंघ मिळाले. एक र्‍यूगेन, फ्रान्झबुर्ग आणि श्ट्रालझुंड यांचा, दुसरा ग्राइफ्सवाल्ड आणि ग्रिमेन यांचा. पंचवीस वर्षांवरील पुरुषांनाच मत होते आणि कोणालाही निम्म्याहून अधिक मते न मिळाल्यास पहिल्या दोघांत पुन्हा मतदान होत असे. साम्राज्यातले ३९७ मतदारसंघ १८६४ च्या लोकसंख्येवर आखले होते आणि १९१२ च्या शेवटच्या निवडणुकीपर्यंत ते जवळजवळ तसेच राहिले, जरी मधल्या काळात बर्लिन आणि रूर खोरे माणसांनी भरून गेले होते. खेड्यापाड्यांतल्या मताचे वजन त्यामुळे शहरी मताच्या कितीतरी पट झाले. सीमा न बदलल्यानेही अन्याय होतो, हे या काळातून स्पष्ट दिसते, आणि १९७१ वर थांबलेल्या आपल्या जागावाटपाची चर्चा करताना मला हे उदाहरण नेहमी आठवते.

१९१९ मध्ये वायमार प्रजासत्ताकाने एकसदस्यीय मतदारसंघच मोडीत काढले. वीस वर्षांवरील स्त्री-पुरुष मतदार झाले आणि प्रमाणशीर प्रतिनिधित्व आले. पुढे साधारण साठ हजार मतांमागे एक प्रतिनिधी असा नियम झाला. श्ट्रालझुंड तेव्हा संपूर्ण पोमेरेनियाच्या एका प्रचंड मतदारसंघात विरघळून गेले. पूर्व जर्मनीच्या काळात राष्ट्रीय आघाडीची एकच यादी असे. मतदाराने ती चिठ्ठी पेटीत टाकायची एवढेच त्याचे काम. १८ मार्च १९९० रोजी फोल्क्सकामर या पूर्व जर्मन संसदेची पहिली आणि शेवटची मुक्त निवडणूक झाली तीही यादीपद्धतीची होती आणि श्ट्रालझुंड त्या वेळी रोस्टोक विभागात होते.

याचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. १९१२ नंतर थेट डिसेंबर १९९० मध्ये, म्हणजे ७८ वर्षांनी, या किनाऱ्यावरच्या माणसाला 'आपला एक खासदार' मुक्तपणे निवडता आला. मधल्या दोन पिढ्यांना तो अनुभवच नव्हता.

आणखी एक गोष्ट नकाशे शेजारी ठेवून पाहावी. १८७१ चे ते दोन मतदारसंघ एकत्र केले तर आजच्या पंधरा क्रमांकाच्या मतदारसंघाचा बहुतांश भाग मिळतो. ग्रिमेन आणि श्ट्रालझुंड वेगळे होते ते १९९० मध्ये एक झाले, आणि ग्राइफ्सवाल्ड शहर २०१३ मध्ये त्यांना येऊन मिळाले. साम्राज्यात साधारण एक लाख माणसांमागे एक जागा होती आणि आज अडीच लाखांमागे एक आहे, म्हणून दोनाचा एक होणे गणितालाही धरून आहे. जिथे दोन प्रतिनिधी जात तिथून आता एक जातो.

मुळाकाठ

दोघांचेही मनापासून आभार. शनिवारपेठ सर, ७८ वर्षांचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. आता पुढचा प्रश्न विचारते. मर्केल यांचा जन्म हाम्बुर्गचा, बालपण टेम्प्लिनमध्ये गेले, काम बर्लिनमध्ये केले. मग त्या या किनाऱ्यावर कशा आल्या, आणि तिथले लोक त्यांना मत देत होते की त्यांच्या पक्षाला? त्या गेल्यानंतर तिथे काय झाले?

बाल्टिक_बाणेर

मी ग्राइफ्सवाल्डला दोन वर्षे राहिले आहे. तिथल्या प्लाझ्मा भौतिकी संस्थेत, जिथे वेंडेलश्टाइन ७-एक्स हे संलयनाचे यंत्र आहे, माझे काम होते आणि शनिवार-रविवारी सायकलने हा मतदारसंघ मी बराच फिरले. त्यामुळे हा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

मुळाकाठ, तुम्ही म्हणता तशा त्या पूर्णपणे बाहेरच्या होत्या. १९९० च्या मार्चमध्ये त्या ज्या छोट्या 'डेमोक्रॅटिक अवेकनिंग' या नव्या पक्षात होत्या, त्याला एक टक्कासुद्धा मते मिळाली नव्हती. त्यानंतर त्या पूर्व जर्मनीच्या शेवटच्या सरकारच्या उपप्रवक्त्या झाल्या आणि त्यांचा पक्ष ख्रिस्ती लोकशाही पक्षात, म्हणजे सीडीयूत, विलीन झाला. सप्टेंबर १९९० मध्ये र्‍यूगेनवरच्या प्रोरा इथे पक्षाची उमेदवार निवडण्याची सभा झाली. प्रोरा म्हणजे नाझी काळात कामगारांच्या सहलींसाठी समुद्रालगत बांधायला घेतलेली कित्येक किलोमीटर लांबीची इमारत, जी पुढे पूर्व जर्मन सैन्याकडे होती. त्या सभेत मतदान रात्री उशिरापर्यंत लांबले आणि मर्केल थोड्याच मतांनी पुढे आल्या. पुढच्या तीस वर्षांचा युरोपचा इतिहास त्या रात्रीच्या सभागृहातून गेला आहे. त्या इमारतीसमोर उभी असताना मला हे फार तीव्रतेने जाणवले होते.

नोव्हेंबर १९९० मध्ये प्रचारात त्या लोबे या खेड्यातल्या कोळ्यांच्या झोपडीत बसलेल्या आहेत, असे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. तुमच्या सादरीकरणात ते अवश्य ठेवा. त्यात त्या बोलत नाहीत, ऐकत आहेत असे वाटते. २ डिसेंबरला त्यांना ४८.५ टक्के थेट मते मिळाली आणि साधारण दीड महिन्यातच, जानेवारी १९९१ मध्ये, त्या मंत्री झाल्या.

पक्षाला मते की व्यक्तीला, याचे उत्तर देताना जर्मन मतदाराजवळ दोन मते असतात हे ध्यानात घ्यावे लागते. १९५३ पासून पहिले मत मतदारसंघातल्या उमेदवाराला आणि दुसरे पक्षाच्या यादीला दिले जाते. १९९८ मध्ये सीडीयूचे चान्सलर कोल यांचा निवडणुकीत पराभव झाला तेव्हा मर्केल यांची थेट मते ३७ टक्क्यांपर्यंत खाली आली, तरी जागा राहिली. चान्सलर झाल्यावर २००९ मध्ये त्या ४९ टक्क्यांवर आणि २०१३ मध्ये ५६ टक्क्यांवर गेल्या. इथे मला नकाशाप्रेमी यांच्या उत्तराला एक पुस्ती जोडाविशी वाटते. २०१३ चे मतदार आणि २००९ चे मतदार हे तेच नाहीत. २०१३ मध्ये ग्राइफ्सवाल्ड शहर आणि त्याच्या भोवतालचा लांडहागेनचा ग्रामीण भाग नव्याने आला होता. ग्राइफ्सवाल्ड हे विद्यापीठाचे गाव. तिथला मतदार र्‍यूगेनच्या हॉटेलवाल्यापेक्षा किंवा श्ट्रालझुंडच्या जहाजबांधणी कामगारापेक्षा निराळा विचार करतो. म्हणून ४९ आणि ५६ हे आकडे एकाच रेषेवर ठेवून 'सात टक्के वाढ' असे लिहू नका. निदान सीमा बदलल्याची नोंद शेजारी करा.

चान्सलरचा मतदारसंघ असल्याने लोकांना काय मिळाले, हा प्रश्न तिथे असताना मी अनेकांना विचारला. जुलै २००६ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष बुश श्ट्रालझुंडला आले आणि ट्रिनविलर्सहागेन या खेड्यात रानडुकराच्या मेजवानीला बसले, ही आठवण सर्वांच्या तोंडी होती. ऑक्टोबर २००७ मध्ये श्ट्रालझुंडहून र्‍यूगेनला जाणाऱ्या नव्या उंच पुलाचे उद्घाटन त्यांनीच केले. त्याआधी बेटावर जायला जुन्या धरणवजा रस्त्यावर अवलंबून राहावे लागे आणि उन्हाळ्यात गाड्यांच्या रांगा लागत. परंतु माझ्या शेजारच्या वृद्ध बाईंचे म्हणणे वेगळे होते. त्या म्हणत की पूल आला ते चांगलेच झाले, पण त्या पुलावरून त्यांची दोन्ही नातवंडे पश्चिमेला गेली ती परत आली नाहीत. नकाशाप्रेमी यांनी लोकसंख्येचा जो हिशेब मांडला, तो त्या बाईंच्या घरात असा होता.

२०१७ मध्ये मर्केल ४४ टक्क्यांवर आल्या आणि एएफडी या अतिउजव्या पक्षाचे लाइफ-एरिक होल्म सुमारे १९ टक्के मते घेऊन उभे राहिले. निर्वासितांच्या प्रश्नावरचा राग त्या निकालात होता. २०२१ मध्ये मर्केल निवडणुकीला उभ्या राहिल्या नाहीत आणि सोशल डेमोक्रॅटिक पक्षाच्या २७ वर्षांच्या आना कासाउत्स्की अवघ्या २४.३ टक्के मतांवर निवडून आल्या. राज्यातल्या सहाही जागा तेव्हा त्यांच्या पक्षाने जिंकल्या होत्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये ही जागा एएफडीच्या डारियो झायफर्ट यांनी घेतली. आठ वेळा एकाच व्यक्तीकडे असलेली जागा नंतरच्या दोन निवडणुकांत दोन वेगळ्या पक्षांकडे गेली. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे. पक्षाला पडणारी मते मर्केल यांच्या मागे होती हे खरे, पण त्यांच्यावाचून त्या मतांना तिथे घट्ट मूळ नव्हते.

शनिवारपेठ

आपल्या शेजारच्या बाईंची आठवण फार बोलकी आहे. मूळ नसल्याच्या मुद्द्यावर मी एवढेच जोडतो की ७८ वर्षांच्या खंडानंतर कोणत्याच पक्षाला तिथे पिढीजात मतदार मिळण्याची शक्यता नव्हती. पश्चिम जर्मनीत एखादे कुटुंब तीन पिढ्या एकाच पक्षाला मत देते असे आढळे. या किनाऱ्यावर १९९० मध्ये सर्वांनीच पाटी कोरी घेऊन सुरुवात केली.

नकाशाप्रेमी

बाल्टिक_बाणेर यांची दुरुस्ती मान्य आहे. ग्राइफ्सवाल्डचा उल्लेख मी केला, पण निकालांची तुलना करताना त्याचा काय परिणाम होतो ते लिहायला हवे होते.

मुळाकाठ, सादरीकरणानंतर कोणी विचारलेच तर एक गोष्ट तयार ठेवा. मतदारसंघात पहिला आला म्हणजे बुंडेसटागमध्ये गेलाच, हे २०२५ पासून खरे राहिलेले नाही. थेट जागा आणि यादीतल्या जागा यांचा मेळ घालताना सभागृह फुगत जाऊन २०२१ मध्ये ७३६ सदस्यांचे झाले होते. म्हणून २०२३ च्या सुधारणेने ते ६३० वर बांधून ठेवले. पक्षाच्या दुसऱ्या मतांच्या प्रमाणात जेवढ्या जागा येतात त्यापेक्षा जास्त उमेदवार थेट जिंकले, तर सर्वांत कमी टक्केवारीने जिंकलेल्यांना जागा मिळत नाही. संघीय घटनात्मक न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये ही तरतूद वैध ठरवली, आणि २०२५ मध्ये देशभरात असे २३ विजेते बाहेर राहिले. पंधरा क्रमांकाच्या मतदारसंघावर ही वेळ आली नाही. तरी २०२१ सारखा चोवीस टक्क्यांचा निकाल नव्या नियमात कितपत सुरक्षित राहिला असता, हे वर्गात चर्चेला घेता येईल. आपल्याकडे पुणे लोकसभा मतदारसंघात २०२४ साली वीस लाखांहून अधिक मतदार होते आणि जो पहिला आला तो गेलाच. त्या सवयीने आपण जर्मन निकाल वाचतो, म्हणून हे सांगितले.

मुळाकाठ

सर्वांचे पुन्हा आभार. मी शीर्षक बदलले आहे. 'मर्केल यांचा मतदारसंघ' याऐवजी आता 'श्ट्रालझुंडचा किनारा: १८७१ ते २०२५' असे ठेवते. सुरुवातीला साम्राज्यातले दोन मतदारसंघ आणि आजचा एक असे नकाशे शेजारी दाखवीन, मग ७८ वर्षांचा खंड, नंतर नऊ-सात-सहा हा हिशेब आणि शेवटी मर्केल यांचे आठ निकाल, २०१३ च्या स्तंभाला वेगळा रंग देऊन. बाल्टिक_बाणेर ताई, आपल्या शेजारच्या बाईंचे बोलणे नाव न घेता वर्गात सांगितले तर चालेल का?

बाल्टिक_बाणेर

अवश्य सांगा. त्यांना ते आवडले असते. फक्त एक करा, त्यांनी 'पूल आला ते चांगलेच झाले' हे आधी म्हटले होते, ते वाक्य गाळू नका.